पहिली नोकरी लागली? मग पहिली दोन वर्षं पैसा मोकळा ठेवा

पहिला पगार जमा झाला की महिनाभरात दोन-तीन फोन हमखास येतात. एक नात्यातल्या कुणाचा तरी, "आता कमवायला लागलास, एक पॉलिसी काढून टाक", दुसरा बँकेतून क्रेडिट कार्डसाठी आणि तिसरा मित्राचा, शोरूमला बाईक बघायला चल म्हणून. बहुतेक वेळा कुणाच्या मनात काही वाईट नसतं, पण तिन्ही फोनचा अर्थ एकच होतो की पुढच्या काही वर्षांचा पगार आजच बांधून टाका. मी पुण्यात पेरोलला काम करते, दरवर्षी फ्रेशर्सची बॅच येते, लातूर-नांदेडपासून चिपळूण-कणकवलीपर्यंतची पोरं-पोरी असतात, आणि वर्षभरात कोण मोकळं राहिलं आणि कोण अडकलं हे मला सॅलरी स्लिपवरून नाही तरी त्यांच्या प्रश्नांवरून कळतंच. "मॅडम पगार १ तारखेच्या आत होईल का, ५ ला ईएमआय आहे" असं जो विचारतो तो दुसरीकडे चांगली ऑफर आली तरी घाबरतो, कारण मध्ये एक महिना पगार चुकला तर काय, हे त्याच्याकडे ठरलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बावीस-चोवीसच्या वयात पगार वाढतो तो इन्क्रिमेंटने कमी आणि नवीन काम शिकून, जागा बदलून जास्त, आणि जागा बदलायला हातात चार महिन्यांचा खर्च लागतो. गुंतवणूक वगैरे नंतर, आधी तो मोकळेपणा कमवायचा. तो कसा, ते खाली सांगते, जरा लांबलंय पण सगळं वाचा.

ऑफर लेटरपासून सुरुवात करू

सीटीसी म्हणजे कंपनीला तुम्ही वर्षाला किती रुपयांना पडता तो आकडा, हातात येतो तो वेगळाच. समजा ऑफर ४ लाख २० हजारांची आहे, घरी सगळ्यांना सांगून झालं की महिन्याला ३५ हजार, पेढेही वाटून झाले. आता बघा. बेसिक निम्मं म्हणजे १७,५०० धरू. कंपनीचा पीएफचा हिस्सा १,८०० (बऱ्याच कंपन्या १५ हजारांच्या मर्यादेवरच १२ टक्के भरतात), ग्रॅच्युइटीसाठी (काही वर्षं नोकरी झाल्यावर सोडताना एकरकमी मिळते ती) बेसिकच्या ४.८१ टक्के म्हणजे ८४० च्या आसपास, ग्रुप मेडिक्लेमचा प्रीमियम समजा ५००, आणि वर्षाला ३० हजार व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) लिहिलेलं असेल तर महिन्याचे २,५००, हे सगळं त्या ३५ हजारांच्या आतलंच आहे. ते वजा केलं की ग्रॉस (कपातीआधीचा पगार) राहतो साधारण २९,३६०. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशनल टॅक्स २०० गेला की हातात २७,३०० च्या आसपास. प्रोफेशनल टॅक्स महाराष्ट्रात फेब्रुवारीत ३०० कापतात, वर्षाचे २,५०० पूर्ण करायला, त्यामुळे फेब्रुवारीत शंभर रुपये कमी आले तर दचकू नका. मुलींना एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५ हजारांपर्यंतच्या पगारावर हा टॅक्स नाही, तरी कापला जात असेल तर एचआरला विचारा, लाजू नका, सिस्टीममध्ये एखादं टिक राहून गेलेलं असतं.

खोली भाड्याने घेणं, घरी पैसे पाठवणं, सगळं ह्या २७,३०० वर ठरवायचं. आणि एचआरला ऑफर स्वीकारण्याआधी मेलवर दोनच प्रश्न विचारा, महिन्याचा इन-हँड किती आणि व्हेरिएबल कधी व कशावर मिळतं. व्हेरिएबल वर्षाच्या शेवटी, कंपनीच्या परफॉर्मन्सवर असेल तर तो पगार नाहीच असं समजून चाला, मिळाला तर आनंद.

नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड (कामगार कायदे) लागू झालेत, त्यात बेसिक वगैरे मिळून वेजेस एकूण पगाराच्या निम्म्याहून कमी दाखवता येत नाहीत अशी भानगड आहे, त्यामुळे अनेक कंपन्या स्ट्रक्चर बदलतायत. दादाच्या मित्राची चार वर्षांपूर्वीची स्लिप समोर ठेवून स्वतःची तुलना करत बसू नका.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. छोट्या कंपन्या, एजन्सीज, कधी कधी स्टार्टअप फ्रेशरला एम्प्लॉयी म्हणून न घेता "कन्सल्टंट" म्हणून घेतात. तीस हजार सांगतात आणि १० टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) कापून २७ हजार देतात. पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, मेडिक्लेम नाही, सुट्टीचे पैसे नाहीत. काम शिकायला मिळत असेल तर घ्यावी अशी नोकरी, मी नाही म्हणत नाही, पण तीस हजारांची एम्प्लॉयीची नोकरी आणि ही एकसारखी धरू नका. आणि तो कापलेला टीडीएस सोडून देऊ नका. वर्षाचं उत्पन्न तेवढंच असेल तर रिटर्न भरून तो सगळा परत मिळतो, तीस हजारांवर वर्षाचे ३६ हजार झाले ते.

बाँडबद्दल (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा लेखी करार) पोरं एकमेकांना सांगतात की कोर्टात टिकत नाही, सही करून टाक. असं सरसकट नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेच्या केसमध्ये तीन वर्षांचा बाँड आणि मोडल्यावर दोन लाखांची भरपाई वैध धरली. म्हणून रक्कम किती, किती महिन्यांचा, ट्रेनिंग खरंच देतायत का, हे वाचून मगच सही. ओरिजिनल मार्कशीट मात्र कुणाकडेच ठेवायच्या नाहीत, दाखवायच्या, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायच्या. आणि नोकरी द्यायला जो पैसे मागतो, रजिस्ट्रेशन म्हणून, लॅपटॉपचं डिपॉझिट म्हणून, ट्रेनिंग किट म्हणून, तिथून लगेच निघायचं. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, पहिल्या काही तासांत केला तर पैसे पुढे सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.

नावाची गडबड जॉइनिंगच्या आधीच मिटवा

हे ऐकायला फालतू वाटतं पण माझ्या टेबलावर सगळ्यात जास्त वेळ ह्यातच जातो. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पॅनवर कधी वडिलांचं नावच नाही, तर कधी स्पेलिंगमध्ये एक 'ए' कमी. बँकेत तिसरंच. मग यूएएन म्हणजे पीएफचा नंबर काढताना आधारशी मॅच होत नाही, काढला तरी केवायसी अडकतं, आणि ह्याचा त्रास आज होत नाही, चार वर्षांनी पैसे ट्रान्सफर करताना किंवा घरात कुणाचं आजारपण निघालं आणि पीएफमधून ॲडव्हान्स पाहिजे तेव्हा होतो. आधार, पॅन आणि बँक तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखं करून घ्या, जॉइनिंगच्या आधीच्या रिकाम्या महिन्यात हे काम निवांत होतं.

यूएएन एकदा निघाला की आयुष्यभर तोच. दुसऱ्या कंपनीत गेल्यावर जॉइनिंग फॉर्मात "आधी पीएफ होता का" ह्या प्रश्नाला खरं उत्तर द्या आणि जुना नंबर द्या. नवीन काढलात की दोन खाती होतात आणि ती जोडत बसावं लागतं.

गेल्या वर्षी एक मुलगा पीएफचं पासबुक उघडून माझ्याकडे आला, "ताई, माझे १,८०० आणि कंपनीचे १,८०० मिळून ३,६०० यायला पाहिजेत, इथे २,३५० च दिसतायत, बाकीचे कुठे गेले?" त्याच्या आवाजात चिडचिड होती आणि ती रास्तच होती, कुणी सांगितलंच नव्हतं. ते १,२५० कुठे जात नाहीत, कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन स्कीममध्ये जातात, ईपीएस म्हणतात त्यात, आणि उरलेले ५५० तुमच्या पीएफमध्ये. पासबुकात पेन्शनचा कॉलम वेगळा असतो आणि त्यावर व्याज दिसत नाही. पीएफला मात्र २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज होतं, इतकं सुरक्षित आणि एवढं व्याज देणारं दुसरं सहज सापडत नाही, म्हणून पीएफला कापला जाणारा पैसा बघून हळहळू नका.

आणि पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन भरा, म्हणजे तुमच्यामागे पैसे कुणाला मिळावेत ते. आज रात्रीच भरा. पीएफबरोबर ईडीएलआय म्हणून इन्शुरन्स येतो, नोकरीत असताना काही बरंवाईट झालं तर घरच्यांना जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत मिळतात, आणि नॉमिनेशन नसलं की त्याच घरच्यांना वारसाचे दाखले गोळा करत फिरावं लागतं. हे मी जवळून बघितलंय, एका आईला मुलाच्या दुःखातून डोकं वर काढायच्या आधी तहसीलला चकरा माराव्या लागल्या. दहा मिनिटांचं काम आहे. लग्न झालं की आधीचं नॉमिनेशन रद्द होतं, तेव्हा पुन्हा भरायचं.

महिन्याचा हिशेब, खराखुरा

२७,३०० वरच चालू ठेवू. पुण्यात कॉट बेसिसवर (खोली इतरांबरोबर वाटून, एका कॉटचं भाडं) राहिलात तर एरियाप्रमाणे साडेसहा हजार धरू, हिंजवडी-वाकडला एकट्याने वन आरके घ्यायच्या फंदात पहिल्या वर्षी पडू नका, डिपॉझिटलाच पहिले दोन-तीन पगार जातात. डबा किंवा मेस चार हजार, बस-पेट्रोल दीड हजार, मोबाईल, साबण-पेस्ट, कटिंग असं करत आठशे. घरी सहा हजार पाठवता असं धरू. झाले १८,८००. उरले ८,५००.

घरी पाठवायच्या पैशांबद्दल एक बोलते, कारण ह्यावर कुणी नीट बोलत नाही. बऱ्याच सल्ल्यांत हा खर्च धरलेलाच नसतो, जणू सगळ्यांचे आईवडील पेन्शनर आहेत. आपल्याकडे बहिणीची फी असते, शेतीचं पीककर्ज असतं, बाबांची औषधं असतात. द्यावेत, जरूर द्यावेत, पण आकडा ठरवून द्यावेत आणि १ तारखेलाच द्यावेत. "लागतील तसे पाठवतो" म्हटलं की महिन्याला कधी दोन हजार कधी बारा हजार जातात, आणि मग ना घरच्यांना अंदाज राहतो ना तुम्हाला. आईबाबांना स्लिप दाखवून सांगा की हातात इतके येतात, त्यातले इतके मी देऊ शकतो. पहिल्यांदा अवघड वाटतं, पण ३५ हजार ऐकून बसलेल्या घरात हे बोलणं झालंच पाहिजे, नाहीतर त्यांना वाटत राहतं पोरगं पैसे उडवतंय.

आता उरलेल्या साडेआठ हजारातले पाच हजार पगाराच्या दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बँकेच्या खात्यात जाऊ देत, ऑटोमॅटिक लावून द्या. दुसऱ्या बँकेच्या म्हणतेय कारण ज्या खात्याला यूपीआय जोडलंय त्यात पैसा टिकत नाही, चहा-वडापाव, रात्रीचं ऑनलाइन जेवण असं करत वीस तारखेला संपतो. त्या दुसऱ्या खात्याला यूपीआय जोडू नका. तिथे साठले की छोट्या छोट्या एफडी करा, दहा-दहा हजारांच्या, म्हणजे अडचणीत एकच मोडता येते. खर्च १८,८०० चा म्हणजे चार महिन्यांचे साधारण ७५ हजार, महिन्याला पाच हजारांनी सव्वा वर्षात होतात. व्हेरिएबल मिळालं, दिवाळीला बोनस आला तर अजून लवकर. राहिलेले साडेतीन हजार तुमचे, त्याचा हिशेब मी विचारणार नाही आणि तुम्हीही ठेवू नका.

हा पैसा कुठे ठेवायचा ह्यावर एकच सूचना. गावात पतपेढी एक-दीड टक्का जास्त देते म्हणून तिथे टाकू नका. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचं (रिझर्व्ह बँकेची ठेव विमा संस्था) ५ लाखांपर्यंतचं विमा कवच असतं, सहकारी बँकांनाही असतं, पण पतपेढी-पतसंस्था म्हणजे बँक नाही, तिला हे कवच नाही. २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवीवरचं हे कवच फक्त १ लाख होतं, फेब्रुवारी २०२० ला ते ५ लाख झालं. मुंबईत त्या वेळी लोक काय अवस्थेत बँकेबाहेर उभे होते ते ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त समजवायला नको. अडीनडीचा पैसा जास्त व्याजासाठी नसतोच.

सही करायच्या आधी

पॉलिसीवाल्या काकांचं मुख्य वाक्य असतं, "टॅक्स वाचेल." इथे थांबा. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या रिजिममध्ये (टॅक्स मोजायच्या नव्या पद्धतीत) १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळे टॅक्स शून्य होतो, पगारदाराला वर ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे पगार पावणेतेरा लाखांपर्यंत असेल तर टॅक्सच नाही. आणि नवी रिजिम हीच डिफॉल्ट आहे, तिच्यात ८०सी (पॉलिसी वगैरेवर मिळणारी टॅक्सची सूट) चालत नाही. ज्या मुलीचा पगार सव्वाचार लाख आहे तिचा कुठला टॅक्स वाचणारे? मार्च महिन्यात दरवर्षी मी हे कॅन्टीनमध्ये उभं राहून सांगते, तरी दोघं-तिघं सही करून आलेले असतात, महिना चार-पाच हजारांची, वीस-वीस वर्षांची.

काका म्हणतील शेवटी एवढे लाख मिळतील. तेव्हा बेनिफिट इलस्ट्रेशनचा कागद मागा, तो द्यावाच लागतो, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के धरून आकडे असतात, आणि जो भाग गॅरंटीड नाही तो वेगळा लिहिलेला असतो. ह्या मनीबॅक-एन्डोमेंट टाइप (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसींचा खरा परतावा साधारण ५-६ टक्क्यांच्या आसपास निघतो, आणि दोन-तीन वर्षांत बंद केली तर भरलेल्यातलाही बराच भाग जातो. करिअरच्या पहिल्या वर्षांत महिन्याला पाच हजार असे अडकले म्हणजे वर सांगितलेला चार महिन्यांचा खर्च कधीच साठत नाही, मुद्दा तिथे आहे. सही झालीच असेल तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवस फ्री लूक असतो, लेखी कळवून रद्द करा, थोडी कपात होऊन पैसे परत मिळतात. काकांना वाईट वाटेल, वाटू दे, दिवाळीपर्यंत विसरतील.

इन्शुरन्स नकोच असं मात्र अजिबात नाही. घर तुमच्या पगारावर चालत असेल किंवा एज्युकेशन लोनला बाबा को-बॉरोअर (सहकर्जदार) असतील तर साधं टर्म (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) घ्या, सिगरेट न ओढणाऱ्या चोवीस-पंचवीसच्या मुलाला ५० लाखांचं कव्हर महिन्याला हजाराच्या आत पडतं. मेडिक्लेम कंपनीचा आहे तो नोकरी सुटली की त्याच दिवशी सुटतो, म्हणून स्वतःचा छोटा एक असावा, आणि आईबाबा त्यात कव्हर होतात का ते एचआरला विचारा, त्यांच्यासाठी वेगळा घ्यायचा तर बीपी-शुगर लपवू नका. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पण लपवलं तर क्लेमच जातो.

क्रेडिट कार्ड वाईट नाही, "मिनिमम ड्यू" वाईट. २० हजारांचं बिल आलं, ॲपने मोठ्या हिरव्या बटणावर दाखवलं की १ हजार भरा, भरले. आता उरलेल्या १९ हजारांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे साडेसहाशेच्या वर व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि खरी गोम अशी की पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, ज्या दिवशी कार्ड घासलं त्या दिवसापासून व्याज. म्हणून कार्ड घ्यायचं तर पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावूनच घ्या, नसेल जमत तर घेऊ नका. "नो कॉस्ट" ईएमआयला पण प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी तुमच्याच खिशातून जातो, शेवटच्या स्क्रीनवर बारीक अक्षरात असतो. आणि ॲपवरचं "आत्ता घ्या, नंतर भरा" हेसुद्धा कर्जच, सिबिलमध्ये म्हणजे क्रेडिट ब्युरोकडच्या कर्जाच्या नोंदीत दिसतं. स्कोअर ३०० ते ९०० असतो, प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो काढून बघा की तुमच्या नावावर तुम्हाला माहीत नसलेलं काही नाही ना.

माहीत नसलेलं कसं येतं? "जॉब गॅरंटी" कोर्सवाले. ॲडमिशनच्या वेळी टॅबवर सही घेतात, ओटीपी घेतात, सांगतात फी हप्त्याने भरा. प्रत्यक्षात ते कुठल्या तरी फायनान्स कंपनीचं लोन तुमच्या नावावर असतं, क्लासला सगळे पैसे एकदम मिळालेले असतात. क्लास बंद पडला, जॉब नाही लागला तरी हप्ता चालूच. ओटीपी देण्याआधी विचारा, "हे लोन आहे का, कुणाचं?" उत्तर फिरवून दिलं तर उठा.

आणि जामीन. हे फक्त आपल्या इकडच्या मुलांना कळेल. पगार सुरू झाला, स्लिप आली की चुलता-मामा-शेजारी पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार हवा म्हणून येतात, "नुसती सही आहे रे." नुसती सही नसते. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, त्याने नाही भरले तर वसुली थेट तुमच्याकडे येऊ शकते, पगारातून कापण्यापर्यंत, माझ्याकडे अशी पत्रं येतात. नाही म्हणणं फार जड जातं, ज्या मामाने फी भरली त्याला कसं नाही म्हणायचं. मी मुलांना सांगते की शक्य असेल तर मामाला त्याऐवजी दहा हजार रुपये रोख द्या, परत आले नाहीत तरी चालतील असे समजून द्या, पण जामीन राहू नका. दहा हजार गेले तर दहा हजारच जातात.

साठले, आता पुढे

चार महिन्यांचा खर्च झाला की तेच पाच हजार दोन भागांत करा. एज्युकेशन लोन असेल तर जास्तीचा भाग तिकडे, फ्लोटिंग रेटच्या लोनला आधी भरल्याचा दंड नसतो. राहिलेल्याची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम. पहिली एसआयपी साध्या निफ्टी ५० इंडेक्स फंडात (निफ्टीतल्या ५० मोठ्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या) आणि डायरेक्ट प्लॅनमध्ये, रेग्युलरमध्ये नाही, कारण रेग्युलरमध्ये दरवर्षी कमिशन तुमच्या पैशांतून जातं आणि फंड तोच असतो. फक्त एक लक्षात ठेवा, जानेवारी २०२० ला निफ्टी १२,४०० च्या आसपास होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला. दोन महिन्यांत. तेव्हा ज्यांच्याकडे एफडीत चार महिन्यांचा खर्च होता त्यांना फंड तोट्यात विकावा लागला नाही, ज्यांच्याकडे सगळंच फंडात होतं आणि नोकरी गेली त्यांना विकावा लागला. म्हणून क्रम बदलू नका.

ऑप्शन ट्रेडिंगचं टेलिग्राम चॅनल जॉइन केलं असेल तर हे वाचा आणि बाहेर पडा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या एक कोटीहून जास्त सामान्य लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी तोटा माणशी दोन लाख. दोन लाख म्हणजे वरच्या हिशेबातली तीन वर्षांहून जास्तीची बचत.

नोकरी बदलताना

ह्यासाठीच सगळा खटाटोप. दीड-दोन वर्षं झाली, काम येतंय, पगार तिथेच आहे, तर बाहेर बघायला सुरुवात करा, आणि पहिल्या दिवसापासून एक साधी वही किंवा फाईल ठेवा, दर महिन्याच्या शेवटी चार ओळी, काय केलं, त्याने काय फरक पडला, आकड्यात. "रिपोर्ट बनवतो" असं नाही, "जो रिपोर्ट दोन दिवस लागायचा तो तीन तासांत होतो" असं. अप्रेझलला आणि इंटरव्ह्यूला हेच कामाला येतं, दोन वर्षांनी आठवत बसलं तर काही आठवत नाही. आपली पोरं काम भरपूर करतात आणि सांगताना "टीमने केलं" म्हणून मोकळी होतात. टीमने केलं हे खरं असतं, त्यात तुम्ही काय केलं तेही खरंच असतं, ते सांगा.

पगार विचारला की जुन्या सीटीसीवर ३० टक्के असं पाठ केलेलं उत्तर देऊ नका, त्या कामाला बाजारात काय मिळतं ते त्याच कामातल्या चार-पाच जणांना विचारून जा. आणि नोटीस पिरियड बघा, ६०-९० दिवसांचा असतो, नवीन कंपनी तीस दिवसांत या म्हणते, मधले दिवस विकत घ्यावे लागतात, बाय-आउट म्हणतात ते. नवीन कंपनी भरेल का हे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या, फोनवर सांगितलेलं चालत नाही. लेखी ऑफर हातात आल्याशिवाय राजीनामा मेल करायचा नाही. इथेच ते ७५ हजार उपयोगाला येतात, जॉइनिंग पुढे ढकललं, फुल अँड फायनल (जुन्या कंपनीचा शेवटचा हिशेब) दीड महिना रखडलं, तरी डबा आणि भाडं चालू राहतं.

नवीन ठिकाणी आधीच्या कंपनीतला त्या वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स कळवा. नाही कळवला तर दोन्ही कंपन्या स्टँडर्ड डिडक्शन आणि स्लॅबचा फायदा वेगवेगळा धरतात आणि पगार मोठा झाला असेल तर जुलैत रिटर्न भरताना एकदम टॅक्स निघतो. जुन्या कंपनीकडून फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला) घ्यायला विसरू नका.

पीएफ काढू नका, ट्रान्सफर करा. पाच वर्षं सलग व्हायच्या आत काढला आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर टीडीएस कापतात, आणि बाईकच्या डाउन पेमेंटला गेलेला पीएफ परत येत नाही. ग्रॅच्युइटीला पर्मनंट एम्प्लॉयीला पाच वर्षं लागतात, नव्या कोडप्रमाणे फिक्स्ड टर्मवाल्यांना (ठरावीक मुदतीच्या करारावरच्यांना) एक वर्ष. चार वर्षं दहा महिने झालेत आणि चांगली ऑफर आली तर हिशेब करून ठरवा, कधी दोन महिने थांबणं परवडतं, कधी नाही.

शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, एक्स्पिरियन्स लेटर, शेवटच्या तीन स्लिपा स्वतःच्या पर्सनल मेलवर घ्या, ऑफिसचा मेल संध्याकाळी बंद होतो. आणि दोन महिन्यांनी पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघा की जुन्या कंपनीने डेट ऑफ एग्झिट टाकलीय का. नसेल टाकली तर कंपनीच्या मागे लागत बसायची गरज नाही, शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की "मार्क एग्झिट" मध्ये जाऊन तुम्ही स्वतः आधार ओटीपीने टाकू शकता, त्याशिवाय ट्रान्सफर पुढे सरकत नाही.